काळजीची ओव्हर

रात्रीचे आठ वाजत आलेले असतात. दुपारपाळीच्या सिस्टर रजिस्टर घेऊन एकेका खाटेपाशी थांबतात, रात्रपाळीच्या सिस्टर शेजारी उभ्या राहून ऐकतात. सात नंबरला सलाइन चालू आहे, नऊचं इंजेक्शन दिलंय, बाराचा एक्स-रे राहिलाय. पलीकडच्या टेबलाशी एक निवासी डॉक्टर दुसऱ्याला आपल्या रुग्णांची यादी समजावून देत असतो. नातेवाइकांच्या दृष्टीने ही घरून डबा येण्याची वेळ. रुग्णालयाच्या बोलीत ही 'ओव्हर'ची वेळ. एकाने ओव्हर द्यायची, दुसऱ्याने घ्यायची. क्रिकेटशी तिचा संबंध नाही. 'हँडओव्हर' या शब्दाचं हे वॉर्डात झिजून गुळगुळीत झालेलं रूप.

या थोड्या वेळात तीस-चाळीस माणसांची जबाबदारी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायची असते. सांगणारा दिवसभराच्या धावपळीने थकलेला, ऐकणाऱ्याला आजच्या वॉर्डाचा अजून अंदाज नाही, आणि मध्ये फोन वाजतच असतात. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या, तर पाच दिवस दाखल असलेल्या रुग्णाची नुसत्या परिचारिकांमध्येच पंधरा वेळा ओव्हर होते. डॉक्टरांची ओव्हर वेगळी, शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात जातानाची वेगळी, घरी सोडतानाची आणखी वेगळी. औषध तेच, डॉक्टर तेवढेच हुशार, तरी निरोप मध्येच गळाला म्हणून रुग्णाला इजा होते, ती याच सांध्यांवर.

पाच कानांनंतर काय उरतं?

लहानपणी आपण कानगोष्टींचा खेळ खेळलेलो असतो. पहिल्याच्या कानात सांगितलेलं वाक्य शेवटच्यापर्यंत पोहोचेतो ओळखू येत नाही. ब्रिटनमधल्या काही डॉक्टरांनी २००७ साली हाच खेळ गंभीरपणे खेळून पाहिला. त्यांनी बारा काल्पनिक रुग्ण तयार केले आणि त्यांची माहिती एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, अशी लागोपाठ पाच वेळा सोपवली. नुसतं तोंडी सांगितलं तेव्हा पाचव्या फेरीअखेर मूळ माहितीपैकी २.५ टक्के शिल्लक राहिली. ऐकणाऱ्याने टिपणं घेतली तेव्हा ८५.५ टक्के टिकली. आणि सगळी माहिती छापलेला कागद हातात देऊन सांगितलं तेव्हा ९९ टक्के.

प्रयोग छोटा होता, रुग्ण काल्पनिक होते. तरी त्यातला धडा कोणत्याही सिस्टरला नवा वाटणार नाही. स्मरणशक्तीवर वॉर्ड चालत नाही, कागद लागतो. पण तो कागद रोज तीन वेळा, चाळीस रुग्णांसाठी, हाताने कोण लिहिणार? आणि लिहिलेल्या कागदावरचं पोटॅशियम दुपारचं की कालचं, हे कुणी सांगायचं? संगणक इथे कामाला येतो.

कामाचे तास घटले, ओव्हर वाढल्या

हा प्रश्न ज्या देशात सर्वांत जास्त अभ्यासला गेला, त्या अमेरिकेत तो एका मृत्यूपासून सुरू झाला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर किती तास सलग काम करत होते, यावरून मोठा वाद झाला. त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ पासून ती देशभर लागू झाली. आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांना ८० तास ही 'मर्यादा' आहे हे ऐकून हसू येईल, पण तिथे तो मोठा बदल होता.

थकलेला डॉक्टर चुका करतो, म्हणून त्याला झोपायला पाठवलं. पण त्याच्या जागी जो येतो त्याला रुग्ण माहीत नसतो. तास कमी केले की पाळ्या वाढतात आणि पाळ्या वाढल्या की ओव्हर वाढतात. एका धोक्याच्या बदल्यात दुसरा पदरात पडतो. तो किती मोठा, हे बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं. टाळता येण्याजोगी इजा झालेल्या रुग्णांपैकी २६ टक्के रुग्ण त्या क्षणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नव्हे, दुसऱ्या पथकाच्या ताब्यात होते. ज्यांना इजा झाली नाही अशा तुलनेच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. म्हणजे रुग्ण किती आजारी आहे याच्या बरोबरीने, त्याला कोण ओळखतं यालाही महत्त्व होतं.

मग त्याच रुग्णालयात संगणकावर ओव्हरची यादी सुरू झाली. निघणाऱ्या डॉक्टरने कागदाच्या चिठोऱ्यावर आठवेल ते खरडण्याऐवजी प्रत्येक रुग्णाची ठरावीक माहिती ठरावीक जागी भरून छापून द्यायची. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: यादी येण्यापूर्वी परक्या पथकाच्या देखरेखीखाली असताना इजा होण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर ५.२ होतं. यादी आल्यावर ते १.५ वर उतरलं, म्हणजे योगायोगापासून वेगळं काढता येणार नाही इतकं खाली. बदलीवर आलेला डॉक्टर तोच, रात्र तीच. हातातला कागद तेवढा बदलला.

सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या प्रणालीत रुग्णाची खाट, तपासण्यांचे निकाल, नाडी-रक्तदाबाच्या नोंदी रुग्णालयाच्या संगणकातून आपोआप यादीत येत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन रुग्णालयांतल्या चौदा पथकांनी ती वापरून पाहिली. सकाळच्या राऊंडमध्ये चुकून बघायचेच राहून जाणारे रुग्ण आधी एका पथकामागे महिन्याला पाच होते, ते अडीचवर आले. दाखल असलेला माणूस राऊंडमध्ये बघायचाच राहतो, हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही. पण रात्री तो दुसऱ्या वॉर्डात हलवला गेला असेल आणि जुन्या यादीवर त्याची जुनी खाट असेल, तर हे सहज घडतं. हाताने आकडे उतरवून घेण्यात जाणारा वेळही या प्रणालीने निम्म्यावर आणला.

यंत्राने काय आणावं, माणसाने काय सांगावं?

एवढ्यावरून वाटेल की प्रश्न सुटला. सगळं संगणकात घाला की झालं. इथेच घोटाळा होतो. तो समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ.

समजा, खाट क्रमांक १४ वर डेंग्यूचा एक तरुण आहे. संगणकाला त्याच्याबद्दल पुष्कळ माहीत आहे: वय, वजन, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, कुठलं सलाइन किती वेगाने, सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्लेटलेट. हे सारं त्याने न चुकता, न थकता यादीत आणून ठेवावं. त्याचं हे कामच आहे. तापाचा आलेखही तो काढतो आणि तो आलेख आज खाली आला आहे. पडद्यावरून बघणाऱ्याला वाटेल, चला, एक पेशंट सुधारला.

आता निघणारा डॉक्टर काय म्हणतो ते ऐका. "चौदा नंबर. डेंग्यू, पाचवा दिवस. सकाळपासून ताप नाही म्हणून घरचे खूश आहेत. मी नाही. दुपारपासून पोट दुखतंय म्हणतोय, दोनदा उलटी झाली. पीसीव्ही चढतोय. दहा वाजता परत पाठव. लघवी कमी झाली किंवा हातपाय गार लागले तर सकाळची वाट बघू नकोस, सरांना उठव."

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं, रक्त दाट होतं आणि म्हणून पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, वर जातं. यातले सुटे आकडे संगणकात आहेत. 'मी नाही' हे दोन शब्द मात्र त्यात नाहीत. आणि रात्रीच्या डॉक्टरला चाळीस खाटांपैकी आधी कुठे जायचं, हे त्या दोन शब्दांवरून कळतं.

मराठीत 'काळजी' हा शब्द दोन कामं करतो. आपण रुग्णाची काळजी घेतो आणि आपल्याला त्याची काळजी वाटते. रुग्णालयातल्या ओव्हरमध्ये या दोन्ही सोपवायच्या असतात. पहिलीचा बराचसा भाग नोंदींचा आहे, तो यंत्राने वाहावा. दुसरी फक्त माणूसच माणसाला देऊ शकतो. चांगली संगणकीय ओव्हर कोणती, याची माझ्या मते एकच कसोटी: पहिलं ओझं उचलून तिने दुसरीसाठी वेळ मोकळा करून दिला की नाही?

आय-पास

ही वाटणी नेमकी मांडणारी पद्धत बॉस्टनच्या बालरुग्णालयातून पुढे आली. तिचं नाव आय-पास. अक्षरं इंग्रजी, पायऱ्या पाच. पहिली, रुग्ण किती गंभीर: स्थिर आहे, लक्ष ठेवायला हवं, की अत्यवस्थ आहे, हे सर्वांत आधी, एका शब्दात. दुसरी, रुग्णाची थोडक्यात हकिगत. तिसरी, कामांची यादी: काय, किती वाजता, कुणी. चौथी, 'अमुक झालं तर तमुक कर' असा पुढचा अंदाज. पाचवी, ऐकणाऱ्याने ते सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं.

आपल्या चौदा नंबरच्या डॉक्टरने नकळत यातल्या चार पायऱ्या गाठल्या आहेत. पाचवी ऐकणाऱ्याची आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

२०१३ मध्ये याच रुग्णालयातल्या दोन विभागांत केलेल्या अभ्यासाचे निकाल आले. दोन्ही विभागांतल्या निवासी डॉक्टरांना प्रशिक्षण मिळालं, बोलण्याची पद्धत ठरवून मिळाली. एका विभागाला त्याशिवाय संगणकीय नोंदींशी जोडलेलं ओव्हरचं साधन दिलं. दोन्ही मिळून १,२५५ दाखल रुग्णांचा हिशेब मांडला गेला. दर १०० दाखल रुग्णांमागे होणाऱ्या वैद्यकीय चुका ३३.८ वरून १८.३ वर आल्या. लेखी ओव्हरमधली महत्त्वाची माहिती गाळली जाण्याचं प्रमाण दोन्हीकडे घटलं, आणि संगणकीय साधन असलेल्या विभागात ते विशेष घटलं. म्हणजे यंत्राने भर घातली, पण पाया बोलण्याच्या शिस्तीचा होता.

पुढे नऊ रुग्णालयांत, १०,७४० दाखल रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचा अहवाल आला. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. 'आमच्याकडे एवढा वेळ कुठे आहे?' या हमखास प्रश्नाचं उत्तरही त्यात होतं. दर रुग्णामागे ओव्हरला आधी सरासरी २.४ मिनिटं लागत, नंतर २.५.

भरलेला पडदा, रिकामी यादी

आता यंत्राची दुसरी बाजू. कागदावर हात दुखतो म्हणून माणूस मोजकं लिहितो. संगणकावर कालची नोंद आज चिकटवायला दोन कळा पुरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या रुग्णालयातल्या तेवीस हजारांहून अधिक नोंदी २०१७ मध्ये तपासल्या गेल्या. त्यांतला केवळ १८ टक्के मजकूर कुणीतरी हाताने टंकलेला होता. ४६ टक्के आधीच्या नोंदीतून उचललेला आणि ३६ टक्के प्रणालीने आपोआप आणलेला.

ओव्हरच्या यादीत हे झालं तर काय होतं, याची कल्पना सहज करता येते. तीन दिवसांपूर्वीचं 'एमआरआय करायचा आहे' हे वाक्य एमआरआय होऊन गेल्यावरही यादीत राहतं. 'नळी उद्या काढू' मधला उद्या रोज उजाडतो. आणि ज्या यादीत असं शिळं वाक्य एकदा सापडलं, तिच्यातल्या ताज्या वाक्यावरचाही वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. हाताने लिहिलेली अपुरी चिठ्ठी निदान अपुरी दिसते. संगणकाची यादी शिळी असली तरी भरगच्च दिसते.

दुसरा धोका बोलणं बंद पडण्याचा. 'सगळं सिस्टिममध्ये टाकलंय, बघून घे' असं म्हणून निघालेल्याने नोंदी दिल्या, ओव्हर दिली नाही. म्हणून चांगल्या प्रणालींत काही गोष्टी मुद्दाम ठरवाव्या लागतात. आकडे आपोआप येऊ द्यावेत, पण प्रत्येकापुढे घेतल्याची वेळ हवी. गंभीरतेचा रकाना मात्र कालचा पुढे न ओढता दर पाळीला रिकामाच उघडावा, म्हणजे तो भरताना तरी रुग्णाचा विचार होईल. झालेलं काम यादीतून उतरलं पाहिजे. आणि रकाने थोडे हवेत, कारण पन्नास सक्तीचे रकाने असले की माणूस पन्नास ठिकाणी 'नॉर्मल' लिहून मोकळा होतो.

काही ठिकाणी मात्र यंत्र माणसाच्या पुढे असतं, आणि तिथे त्यालाच पुढे करावं. रुग्ण घरी जातो तेव्हा एखादा कल्चर रिपोर्ट, एखादी बायोप्सी बाकी असते. २००५ मधल्या बॉस्टनच्या अभ्यासात ४१ टक्के रुग्ण घरी सोडताना कुठल्या ना कुठल्या तपासणीचा निकाल यायचा होता. नंतर आलेल्या निकालांपैकी ९.४ टक्के असे होते की ते पाहून उपचारात काही करावं लागलं असतं. त्यांच्याबद्दल विचारलं तेव्हा ६० टक्क्यांहून अधिक निकाल डॉक्टरांना ठाऊकच नव्हते. रुग्ण नजरेआड, निकाल फायलीत, आणि दोघांच्या मध्ये कुणी नाही. हे काम माणसाच्या आठवणीवर सोडूच नये. निकाल आला की संगणकाने जबाबदार डॉक्टरला आपणहून ईमेल धाडायचा, असा प्रयोग पुढे झाला. २०१४ च्या निष्कर्षांनुसार, ज्यांना असे ईमेल गेले त्या रुग्णालयातल्या वरिष्ठ डॉक्टरांपैकी ७६ टक्क्यांना निकाल माहीत होता. ज्यांना गेले नाहीत त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांना.

प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल

आपल्याकडे सर्वांत लांबची ओव्हर दोन पाळ्यांमध्ये नसते, दोन गावांमध्ये असते. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला, तिथून पुण्या-मुंबईला. त्या प्रवासात निरोप वाहून नेण्याचं काम बहुधा नातेवाइकाच्या हातातली प्लास्टिकची पिशवी करते: चुरगळलेला केस पेपर, एक्स-रे, तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या. 'तिकडे काय इंजेक्शन दिलं?' या प्रश्नाला 'पिवळं होतं' हे उत्तर येतं.

केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू केलेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन या पिशवीला पर्याय द्यायला निघालं आहे. 'आभा' हा चौदा अंकी क्रमांक हा त्याचा पाया. रुग्णाच्या संमतीने एका रुग्णालयातल्या नोंदी दुसऱ्याला दिसाव्यात, ही त्यामागची कल्पना. नोंदींच्या रचनेसाठी केंद्राने २०१३ मध्ये मानकं काढली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. मानकं लागतात, कारण एका संगणकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता आलं नाही, तर तोही प्लास्टिकच्या पिशवीइतकाच मुका.

आणि संगणकच बंद पडला तर? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. बाह्यरुग्ण नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामं अचानक हातावर आली आणि सुमारे दोन आठवडे गाडा कागदावर ओढावा लागला. ज्या वॉर्डात पाळी संपताना ओव्हरची यादी छापून हातात देण्याची रीत आहे, तिथे असा दिवस निदान आंधळा उजाडत नाही. २००७ च्या प्रयोगातल्या ९९ टक्क्यांचा मानही छापील कागदालाच होता, हे विसरू नये.

परत सांग

आय-पासची पाचवी पायरी राहिली होती. 'वाचलं' अशी खूण संगणकात करता येते. कुणी, किती वाजता केली तेही तो सांगतो. समजलं की नाही, हे मात्र ऐकणाऱ्याच्या तोंडूनच कळतं. आपल्याकडच्या ओव्हरमध्ये या पायरीला मोठा अडसर संकोचाचा. सीनियरने सांगितलेलं परत म्हणून दाखवणं ज्युनियरला पोरकट वाटतं, आणि शंका विचारली तर आपण कच्चे ठरू अशी धास्ती. त्यामुळे 'हो सर' वर ओव्हर संपते. म्हणून परत म्हणायला लावण्याची जबाबदारी सांगणाऱ्याने घ्यायला हवी.

आपल्या वॉर्डात ती घेतली गेली आहे असं समजू. "बोल, चौदाला काय करशील?" रात्रीचा डॉक्टर म्हणतो, "ताप गेलाय, पण पोट दुखतंय आणि पीसीव्ही चढतोय. दहाला पीसीव्ही पाठवतो. लघवी कमी किंवा हातपाय गार, तर सरांना उठवतो." एवढं म्हणेपर्यंत त्याच्याच डोक्यात एक प्रश्न येतो: "लघवी मोजतंय कोण?" दोघेही पडद्याकडे बघतात. आकड्यांनी भरलेल्या त्या यादीत लघवीचा रकाना दुपारपासून रिकामा आहे. रात्रपाळीच्या सिस्टरना हाक जाते, चौदा नंबरच्या खाटेखाली मोजपात्र येतं. मग दिवसाचा डॉक्टर घरी जायला निघतो.